करण्यात येईल

यंत्रावर ताडपत्री टाकलेली होती आणि ताडपत्रीवर पुठ्ठे वाळत घातले होते. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. ओला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, घेतलाच तर वजनात कापतो, म्हणून शेडमधल्या कचरा वेचणाऱ्या बायकांनी मिळेल त्या सपाट जागेवर पुठ्ठे पसरले होते. कंपाउंडच्या भिंतीवर, हातगाडीवर, आणि आमच्या कंपनीने सात महिन्यांपूर्वी दिलेल्या गठ्ठे बांधायच्या यंत्रावर. मी ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं. उद्घाटनाच्या दिवशी लावलेलं हळदकुंकू जसंच्या तसं होतं. झेंडूच्या हाराचा दोरा हँडलला अडकून राहिला होता. यंत्र एकदाही चाललं नव्हतं.

"थ्री फेज वीज नाही ना इथं," शेडमधल्या मावशी म्हणाल्या. नळाला पाणी उशिरा येतं हे सांगावं तशा सुरात.

"मग कुणाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. नगरपालिकेत गेलो, तर म्हणाले संस्थेला विचारा. संस्थेच्या ताई म्हणाल्या, कंपनीला पत्र लिहिलंय. कंपनी म्हणजे तुम्हीच ना?"

कंपनी म्हणजे मीच होते. पुण्यापासून दीड तासावरच्या त्या गावातला तो प्रकल्प माझ्या टेबलावरून गेला होता. करार मी लिहिला होता, फोटोत मी होते, वार्षिक अहवालातला परिच्छेदही माझाच. आणि संस्थेचं ते पत्र आमच्याच कार्यालयात खरेदी विभाग आणि माझा विभाग यांच्या मधे कुठेतरी पडून होतं.

त्या रात्री घरी येऊन मी करार पुन्हा वाचायला घेतला. त्रिपक्षीय सामंजस्य करार : कंपनी, नगरपालिका, संस्था. चौथं कलम असं होतं, "यंत्र कार्यान्वित होण्यासाठी आवश्यक त्या पायाभूत सुविधा उपलब्ध करून देण्यात येतील." वाक्य शुद्ध होतं. विधी विभागाने त्यात एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. मला सातवीतल्या आमच्या व्याकरणाच्या बाई आठवल्या. कर्ता शोधायचा असेल तर धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' असं विचारायचं. मी विचारलं. सुविधा उपलब्ध करून देणारा कोण? वाक्यात कुणीच नव्हतं. पेन्सिल घेऊन सगळी कलमं त्याच रीतीने तपासली. देखभाल करण्यात येईल. प्रशिक्षण देण्यात येईल. वेळोवेळी आढावा घेण्यात येईल. नऊ कलमांपैकी सात कलमांना कर्ता नव्हता. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांचा उल्लेख शेवटच्या पानावरच्या तक्त्यात एका ओळीत होता, 'लाभार्थी : 34 कचरावेचक महिला'.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी कुठल्याही भागीदारीचा कागद हातात आला की मी आधी क्रियापदं वाचते.

आपल्याकडे अशा भागीदाऱ्यांना मोठं बळ मिळालं ते 2014 नंतर. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून लागू झालं, आणि ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं आलं. त्याच सुमारास माझी मनुष्यबळ विभागातून सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या विभागात, बदली झाली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं जाहीर केली, आणि त्यातलं सतरावं उद्दिष्ट म्हणजे भागीदारीच. सरकार, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र यावं, कारण एकट्याच्या आवाक्यातलं हे काम नाही. यात चुकीचं काहीच नाही. मी ते तेव्हाही मनापासून मानत होते, आजही मानते. कंपनीकडे पैसा असतो पण वस्तीत ओळख नसते. नगरपालिकेकडे जागा आणि अधिकार असतात पण माणसं पुरत नाहीत. संस्थेकडे माणसं आणि विश्वास असतो, मात्र मार्च संपला की पगाराची चिंता सुरू. तिघांनी एकमेकांची उणीव भरून काढायची, हे कुणालाही पटेल.

उणीव भरून निघते कशी, हे मात्र मला माझ्या कार्यालयात शिकायला मिळालं नाही. ते शिकायला मिळालं पुण्यातल्या माझ्या स्वतःच्या दारात.

आमच्या सोसायटीत सकाळी सव्वाआठला कचरा घ्यायला ज्या मावशी येतात, त्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, ही संस्था कचरा वेचणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे. साडेतीन हजारांहून जास्त सभासद, त्यात बहुसंख्य बाया, आणि बहुतेक दलित समाजातल्या. कित्येकींच्या घरची मोठी माणसं 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली. शिक्षण नाही, जमीन नाही, जातीमुळे घरकामालाही कुणी दारात उभं करेना, मग उरला उकिरडा. खांद्याला पोतं लावून कुंडीतला कागद वेचायचा आणि संध्याकाळी दुकानावर घालायचा.

1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायणन या बायकांच्या वस्तीत शिकवायला गेल्या. अक्षरओळख करून द्यायला गेलेल्या या दोघींना तिथे वेगळाच प्रश्न भेटला. कुंडीतल्या कुजलेल्या कचऱ्यात हात घालण्याऐवजी लोकांनी घरातच सुका कचरा वेगळा ठेवून यांच्या हातात दिला तर काय बिघडेल? 1993 च्या मे महिन्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात या कष्टकऱ्यांची परिषद झाली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. बाबांच्या पाठीशी हमाल पंचायतीचा कितीतरी वर्षांचा अनुभव होता. पाठीवर ओझं वाहणारा माणूस कामगार आहे आणि त्याला कामगाराचे हक्क मिळाले पाहिजेत, हे महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने मान्य केलं होतं. तोच विचार आता पोत्यापर्यंत आला.

मला त्या नावाचं फार अप्रूप वाटतं. कागद, काच, पत्रा. प्लॅस्टिक हा शब्दच त्यात नाही. त्या काळी दुकानावर ज्याचे पैसे होत, त्याची ती यादी. आज आमच्या मावशींच्या गाडीत डोकावलं तर पत्रा औषधापुरता सापडतो आणि फुटक्या काचेला कुणी हात लावत नाही. नाव तेच राहिलं, कचरा बदलत गेला. तो कुणी बदलला याकडे मी पुढे येणार आहे.

पंचायतीने सुरुवातीला मागितलं काय? पैसे मागितले नाहीत. ओळखपत्र मागितलं. रस्त्यावर पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून पोलीस अडवत, सोसायटीचे लोक हाकलत. महापालिकेने मान्यता दिलेलं, फोटो लावलेलं एक कार्ड गळ्यात असलं की ती कामावरची बाई ठरत होती. पुणे महापालिकेने त्याच दशकात ती ओळखपत्रं मान्य केली. देशातल्या कुठल्याही महापालिकेच्या आधी. पुढे 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला, की या बाया जेवढा माल वेचून बाजूला काढतात तेवढा उचलायचा, वाहायचा आणि टाकायचा महापालिकेचा खर्च वाचतो. म्हणजे शहराची सेवा या बाया आधीपासूनच करत होत्या, फुकट. तो हिशेब हातात आल्यावर बोलण्याची भाषा बदलली. महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला तो या हिशेबानंतर, दया म्हणून नव्हे.

मग 2007 मध्ये 'स्वच्छ' नोंदवली गेली आणि 2008 मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. या कराराची मांडणी मला पाठ आहे, कारण माझ्या त्या चौथ्या कलमानंतर मी ती पुन्हा पुन्हा समजून घेतली. घरोघरचा कचरा वेचक गोळा करतील. त्यासाठीचं शुल्क घरटी नागरिक थेट त्यांच्या हातात देतील. सुका कचरा विकून येणारे पैसे वेचकांचे. महापालिका हातमोजे, गाडी, बादल्या, वर्गीकरणाला जागा आणि देखरेखीच्या माणसांचा खर्च देईल. ओला कचरा आणि उरलेला निरुपयोगी भाग वेचक महापालिकेच्या गाडीपर्यंत आणतील, तिथून पुढचं महापालिका बघेल. 'णारा' लावून बघा. प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळतं.

यातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य सुक्या कचऱ्याचं. कचऱ्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्याला सुचतही नाही, कारण आपण तो टाकून मोकळे झालेलो असतो. पण कचरा दाराबाहेर पडला की तो माल होतो, आणि मालाला मालक लागतो. ज्या शहरांत कंत्राटदाराला टनावर पैसे मिळतात तिथे गाडीत जितका जास्त कचरा तितकं बिल मोठं. तिथे पुठ्ठाही डेपोवर जातो, खरकटंही जातं, सगळं एकत्र दाबून. जिचं पोट सुक्या मालाच्या विक्रीवर आहे ती बाई उलट वागते. डेपोकडे जाणाऱ्या प्रत्येक किलोतून तिच्या घरचे पैसे जात असतात, म्हणून ती शेवटची दुधाची पिशवीसुद्धा बाजूला काढते. पर्यावरणाचं भाषण तिला कुणी द्यावं लागत नाही. करारातलं एक वाक्य नीट बसलं की तिचा फायदा आणि शहराचा फायदा एकाच दिशेला जातात.

आणि त्या दिशेच्या टोकाला उरुळी देवाची आणि फुरसुंगी आहेत, हे आम्ही पुणेकरांनी विसरू नये. कोथरूडचा डेपो बंद झाला तेव्हा आमच्या नाकासमोरचा वास गेला, कचरा गेला नाही. तो त्या गावांच्या शिवारात गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, लोकांनी कित्येकदा गाड्या अडवल्या. आमच्या मावशींनी बाजूला काढलेली प्रत्येक पिशवी त्या गावकऱ्यांच्या वाट्याचं ओझं हलकं करते. या भागीदारीत ते गावकरीही आहेत, कुठल्याच कागदावर नाव नसलेले.

सगळं सुरळीत चाललं असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांचा पहिला करार 2013 मध्ये संपला. पुढचा 2016 मध्ये झाला. 2020 च्या अखेरीस तोही संपला आणि काही काळ या बाया तात्पुरत्या मुदतवाढीवर काम करत राहिल्या. कोविडच्या टाळेबंदीत आपण सगळे घरात होतो तेव्हा या दारोदार येत होत्या, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुढे काम असेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या ज्या लोकांनी आयुष्यात कधी महापालिकेला अर्ज केला नव्हता, त्यांनी नगरसेवकांना पत्रं लिहिली. माझ्या शेजारच्या आजोबांनी स्वतःच्या अक्षरात, फुलस्केपवर दोन पानं लिहिली. मी ती वाचली. त्यात पर्यावरणाचा 'प' नव्हता. 'या बाई बारा वर्षे आमच्या दारी येत आहेत आणि एकदाही आमची गैरसोय झालेली नाही,' एवढंच दोन पानांत वेगवेगळ्या तऱ्हेने होतं.

आता उद्योगांकडे येते. ती माझी बाजू आहे, म्हणून जास्त स्पष्ट बोलायचा मला हक्क आहे.

एकदा मी आमच्या मावशींबरोबर वर्गीकरणाला बसले. पार्किंगच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून त्या बसतात. पुढ्यात चार पोती. हात इतके चटचट चालतात की डोळ्यांना पाठलाग करता येत नाही. पुठ्ठा, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली (बूच वेगळं), शाम्पूची कडक बाटली, दुधाची पिशवी. दुधाची पिशवी त्या बोटांनी चिमटून क्षणभर ताणतात आणि टाकतात. ताणली गेली की माल चांगला. मग वेफर्सचं पाकीट आलं. आतून चंदेरी, बाहेरून लाल. त्यांनी ते न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि मागे भिरकावलं.

"याला कोण विचारत नाही," त्या म्हणाल्या. "वेचायला तेवढाच हात हलतो, पैसा एक नाही."

मी त्यातलं एक पाकीट घरी आणलं, धुतलं, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 3 ग्रॅम. म्हणजे किलोभर व्हायला अशी 334 पाकिटं वेचावी लागतील, झटकावी लागतील, पोत्यात भरावी लागतील. आणि किलोभर झाल्यावरही घेणारा नाही, कारण ते एकाच जातीचं प्लॅस्टिक नसतं. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याला धातूचा अतिशय बारीक मुलामा, त्यावर छपाईचा आणखी एक पापुद्रा, असे थर एकमेकांना चिकटवलेले. वेफर्स कुरकुरीत राहावेत, दमट हवा आत जाऊ नये, यासाठी ते केलेलं असतं, आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. पण थर सुटे होत नाहीत, आणि सुटे झाले नाहीत की वितळवून पुन्हा काही करणं अवघड. कागद, काच, पत्र्याच्या यादीत हे पाकीट कधीच बसणार नव्हतं. ते कारखान्यातच असं जन्माला आलेलं, की शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर बसावं.

कायद्याने याला उत्तर शोधलं आहे. प्लॅस्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी, आणि 2022 मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी नेमकेपणाने, उत्पादकावर विस्तारित जबाबदारी टाकली. जेवढं वेष्टन बाजारात सोडलं तेवढं परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावल्याचा हिशेब द्यायचा. अशा बहुस्तरीय वेष्टनाला त्यात स्वतंत्र वर्गच आहे. पुण्यात आयटीसी कंपनीने 'स्वच्छ'सोबत हे पाकीट वेगळं गोळा करण्याचं काम केलं, वेचकांना त्याचा मोबदला मिळेल अशा रीतीने. ज्याला बाजारात किंमत नाही त्याला किंमत लावायची असेल तर ती लावणारा कोण, या प्रश्नाला तिथे उत्तर होतं. पाकीट बनवून विकणारा.

माझी काळजी इथून पुढे सुरू होते. हीच जबाबदारी दुसऱ्याने विल्हेवाट लावलेल्या प्लॅस्टिकचं प्रमाणपत्र विकत घेऊनही पार पाडता येते. आमच्या क्षेत्रातल्या बैठकांत मी बसले आहे. टनांचे आकडे पडद्यावर येतात, प्रमाणपत्रांचे दर येतात, आणि त्या टनातला प्रत्येक 3 ग्रॅमचा तुकडा कुणीतरी वाकून उचललेला आहे ही गोष्ट पडद्यावर कुठेच नसते. प्रमाणपत्राच्या पैशांतला किती भाग त्या हातापर्यंत पोचला याचा रकाना तक्त्यात असला पाहिजे, असं मी दोनदा मांडलं. पहिल्यांदा सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांदा इतिवृत्तात वाक्य आलं, "सदर सूचनेचा यथावकाश विचार करण्यात येईल."

सॅनिटरी पॅडची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. ती लिहायला जड जाते. आपल्या घरातलं वापरलेलं पॅड वेगळं न बांधता टाकलं जातं तेव्हा ते दुसऱ्या एका बाईच्या उघड्या हातात पडतं. बाईनेच बाईला दिलेला हा त्रास आहे, आणि वर्षानुवर्षं आपण सुशिक्षित बायका तो देत आलो. 2013 मध्ये 'स्वच्छ'च्या बायकांनी वापरलेली पॅड पोत्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली. तुमचा माल आहे, तो टाकण्यासाठी पाकीटही तुम्हीच द्या, अशी मागणी होती. मी त्या काळात कंपनीच्या बाजूला बसत होते, पॅडच्या नव्हे, पण कंपनीच. ती बातमी वाचून आमच्या मजल्यावर लोक नाकाला रुमाल लावल्यासारखे बोलत होते. आज मला वाटतं, या विषयावर कंपन्यांना गेलेलं त्याहून स्पष्ट पत्र दुसरं नसेल. तीन वर्षांनी आलेल्या घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडसोबत पाकीट देण्याची तरतूद आली. त्याच नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांना कामात सामावून घेणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. या बाया स्वतःही हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून विकल्या. 'लाल ठिपका' मोहीम काढली. पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल पेनाने ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. आमच्या न्हाणीघरातल्या कपाटात तेव्हापासून एक लाल स्केचपेन असतं. माझ्या मुलीला ते तिथे का असतं हे सांगताना मला जे बोलावं लागलं, ते मी कुठल्याच सीएसआरच्या कार्यशाळेत बोलले नव्हते.

चांगलं त्रिकूट कसं चालतं हे मी कात्रजला पाहिलं होतं. 2010-11 च्या सुमारास तिथला एक प्रभाग शून्य कचरा करायचा म्हणून महापालिका, 'स्वच्छ', मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने सुरू झालेली 'जनवाणी' ही संस्था आणि कमिन्स कंपनी असे सगळे एकत्र आले होते. त्या कामात मला सगळ्यांत आवडलं ते वेळ देणं. वर्गीकरण कसं करायचं हे लोकांना एकदा सांगून भागत नाही. त्याच जिन्यावर, त्याच दारात पुन्हा जावं लागतं, तिसऱ्यांदा जावं लागतं. कंपनीची माणसं गळ्यात पट्टा अडकवून शनिवारी जिने चढत होती. पैसे देणं त्यामानाने सोपं असतं. माझ्या कंपनीने यंत्र दिलं, कारण यंत्राची पावती मिळते, त्यावर नाव रंगवता येतं आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवता येतो. कुणी माझ्या हाताला धरून ते करायला लावलं नव्हतं. मला तेच काम वाटत होतं.

तर ते यंत्र.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावी गेले. या वेळी नगरपालिकेच्या सभागृहात बैठक न लावता शेडमध्येच पोत्यावर बसलो. नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक आले, संस्थेच्या ताई आल्या, शेडमधल्या आठ-दहा जणी होत्या. मी एक कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, आज यात 'येईल' ने संपणारं वाक्य लिहायचं नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कुणाचं तरी नाव पाहिजे.

पहिली ओळ लगेच झाली. वीजजोडणीच्या कोटेशनचे पैसे कंपनी भरेल. दुसरी ओळ, जागा नगरपालिकेची असल्याने अर्ज नगरपालिका करेल. तिसऱ्या ओळीवर गाडं अडलं. दर महिन्याचं बिल कुणाचं? निरीक्षक वहीत बघू लागले. संस्थेच्या ताई म्हणाल्या, आमच्याकडे त्यासाठी निधी नाही. मी म्हणणार होते की पहिलं वर्ष कंपनी भरेल, तेवढ्यात मावशी म्हणाल्या,

"बिल आम्ही भरू."

"मावशी, तीन-चार हजार येईल."

"येऊ द्या. आज सुटा पुठ्ठा इथल्या दुकानदाराला घालतो, तो म्हणेल तो भाव. गठ्ठा बांधला तर गाडी भरून थेट पुढं पाठवता येतो, भाव वाढतो. हिशेब केलाय आम्ही." हिशेब खरंच केलेला होता. त्यांच्यातल्या एकीच्या दहावीतल्या मुलीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, आमच्या प्रकल्प अहवालातल्या आकड्यांपेक्षा नीट. "पण मीटर आमच्या गटाच्या नावावर पाहिजे. बिल आमचं आणि मीटर दुसऱ्याचं, असं नको. उद्या कुणी म्हणालं, निघा इथनं, तर आमच्याजवळ दाखवायला काय आहे?"

कुणी काही बोललं नाही. 34 लाभार्थींपैकी एकीने पैसे द्यायची तयारी दाखवली होती आणि त्या बदल्यात एक कागद मागितला होता, आणि आमच्या तिघांच्या करारात या व्यवहाराला जागाच नव्हती. पुणे महापालिकेच्या ओळखपत्राची गोष्ट मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली. मी ती कितीदा तरी भाषणात सांगितली होती.

वीज यायला त्यानंतर पाच महिने लागले. मधे मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, अर्ज एकदा परत आला, आमच्या वित्त विभागाने कोटेशन कुठल्या खात्यात टाकायचं यावर तीन आठवडे घेतले. त्या प्रत्येक अडथळ्यात मी तो शेडमधला कागद काढून ओळ दाखवत असे, ही ओळ तुमच्या नावाची आहे. दर वेळी उपयोग झाला असं नाही. पण निदान कुणाला फोन करायचा ते कळत होतं.

पहिला गठ्ठा बांधला त्या दिवशी उद्घाटन नव्हतं, हार नव्हते. मावशींनी हिरवं बटण दाबलं, यंत्र घरघरलं, दाब खाली आला आणि पुठ्ठे मोडल्याचा कडकड आवाज शेडभर झाला. दोघींनी पट्ट्या आवळल्या. गठ्ठा एका बाजूला कलता निघाला. त्याला चारही बाजूंनी हात लावून बघितलं गेलं, काट्यावर चढवला, 58 किलो भरला, आणि त्या दहावीतल्या मुलीने वहीत लिहिला.

बाहेर मीटरची नवी पेटी बसली होती. पेटीवर कुणीतरी खडूने बचत गटाचं नाव लिहिलं होतं. बिलावर नाव मात्र नगरपालिकेचं होतं, कारण जागेच्या मालकाशिवाय दुसऱ्याच्या नावावर जोडणी द्यायला ना-हरकत दाखला लागतो आणि त्यासाठीचा ठराव सभेपुढे आलेला नव्हता.

"मीटरच्या नावाचं कधी होणार?" मावशींनी विचारलं.

"मंगळवारी नगरपालिकेत आपण दोघी जाऊ," मी म्हटलं. "अकरा वाजता मी इथं येते."